दुसरा कंडेन्सर

१० जाने. १९५४, रवि.
फ्रान्सिसबरोबर विठ्ठलवाडीला जाऊन पॉवर सप्लाय आणला. लष्कराच्या मोडीतला. रेडिओ तपासायला टेबलावर असा एक हवा, हे तो दुकान काढल्यापासून म्हणतोय. वजन भलतंच. ठाण्यापर्यंत आळीपाळीनं उचलला. चालू केला की मीटरचा काटा वर जातो आणि लगेच बसतो.

१२ जाने.
शाळा सुटल्यावर दुकानात. खोकं उघडलं. दोन्ही मोठे कंडेन्सर गेलेत, एकाच्या बुडाशी चिकट ओघळ. "वर्षानुवर्षं पडून राहिले की असेच मरतात," फ्रान्सिस म्हणाला. विज्ञान मी शिकवतो. तो चौथीपर्यंत शिकलाय. पण तारांना कथलाचा डाग द्यायला त्याच्यासारखा हात ठाण्यात नाही.

१६ जाने., शनि.
नवे कंडेन्सर आले. डावा त्यानं लावला. मग गिऱ्हाइकाचा रेडिओ पोचवायला खोपटला गेला. म्हटलं, येईपर्यंत आपण दुसरा उरकू. उजवा मी लावला. त्याला सांगायचं राहिलं.

१७ जाने., रवि.
चर्चमधून तो थेट दुकानात आला. बटण त्यानंच दाबलं. काटा वर गेला, वरच राहिला. "बसत नाही बघ आता." जळका वास आला म्हणून वाकला. कंडेन्सर फुटला. आतला गरम लगदा डाव्या डोळ्यात. नळाखाली डोकं धरलं, टांगा केला, सरकारी दवाखाना. त्याच्या बायकोला, रोझीला, घरी जाऊन मीच सांगितलं.

१९ जाने.
डॉक्टर म्हणतात उजेड कळतोय, आकार नाही. पुढचं बोलत नाहीत. फ्रान्सिस म्हणाला, "मीच उलटा लावला असणार रे. घाईत होतो." दोन्ही आपणच लावले असं त्याच्या डोक्यात आहे की काय. मी म्हटलं, आत्ता बोलू नकोस.

२० जाने.
एकट्यानं दुकान उघडलं. डावा शाबूत आहे. फुटलाय तो उजवा. त्याचं धन टोक ऋण बाजूला जोडलंय. तारांचे रंग उडाले होते, संध्याकाळ झाली होती, असं लिहायला घेतलं होतं. खोडलं. टोकावरची खूण अजून वाचता येते.

८ फेब्रु.
पट्टी निघाली. त्या डोळ्याला आता उजेडही नाही. मी शाळेतून तसाच दवाखान्यात गेलो होतो. बोलायचं ठरवून. बाजूच्या खाटेवर माणसं होती, म्हणून

२१ फेब्रु., रवि.
रोझी आली. "तो नाय येनार दुकानात. भावासंगती मिठागरावर जातो."
"डोळ्यामुळे?"
"डोल्याचं काय नाय, एकानं भागतं बोलतो. हाताचा भरोसा गेला त्याचा. तू सांग ना त्याला. तुझं ऐकतो."
येतो म्हणालो.

७ मार्च
गेलो नाही. परीक्षेचे पेपर काढायचे होते. ते कालच काढून झाले होते.

१० मार्च
उजवा कंडेन्सर नवा घातला. तीनदा तपासून. सप्लाय तासभर चालवला. काटा वर जाऊन थांबतो, हलत नाही.

१४ मार्च, रवि.
गेलो. फ्रान्सिस अंगणात वाल सोलत होता. उभ्यानंच सांगितलं: डावा तुझा, तो चांगला आहे. फुटला तो उजवा. उजवा मी लावलेला, तू खोपटला गेलास तेव्हा.
"कधी कळलं?"
"जानेवारीत. वीस तारखेला."
सोलत राहिला. दोन महिने होत आले, हे त्यानं मोजलं असणार. मग म्हणाला, "मिठागरावर मी फावडं धरतो ना, तेव्हा पण हातावर..."
माफी मागितली. ऐकली की नाही, कळलं नाही. त्याच्या डाव्या, गेलेल्या डोळ्याच्या बाजूला उभा होतो मी.
"जा आता, गोविंद." आवाजात राग नव्हता.
कुंपणापर्यंत आलो, तर मागून, "उद्या शाळा किती वाजता सुटते तुझी?"
साडेपाचला, म्हटलं.
बरं, म्हणाला. सोलायला लागला.