कुंचल्यांच्या पेटीतला डबा

३ मार्च

चि. भिरभिऱ्यास,
अ. उ. आ.

तू सध्या कोणत्या बंदरात आहेस, ते मला पाकिटावरच्या शिक्क्यावरून कळतं. असो. तीन महिने औषधं घेऊनही बाबांच्या पोटातला अल्सर ढिम्म हलत नाही. दोनदा घशातून दुर्बीण घालून पाहिली, जखम तशीच. सर्जन आता ऑपरेशन करू म्हणतात, वीस तारखेच्या आत हो की नाही ते कळवायचंय. बाबा म्हणतात, चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, पोटावर रेघ मारायची तर सरळ मारतील ना, एवढं विचार. हसतात, पण जेवताना अर्ध्यावर उठतात. आधी तुझं मत लिही, मग बोटीच्या गमती.

माया आहेच, पत्रागणिक वाढव.
ताई

९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मत लिहायलाच बसलो होतो, पण फेरीबोटीवर एका बाईंचा पोपट सुटला आणि थेट कप्तानाच्या टोपीवर बसला. मी आणि आचारी त्याच्यामागे. आचाऱ्यावरून आठवलं, गुडघ्यांसाठी त्याच्याकडून घेऊन बाबांना गोळ्यांचा डबा पाठवला होता, तो संपत आला असेल. शिडी चढण्याआधी दोन घेतो, फार गुण आहे, असं त्यांनीच कळवलं होतं. दुसरा डबा घेऊन ठेवलाय. ऑपरेशनचं विचारशील तर मला भीती वाटते. पोपट त्यासाठीच मध्ये आणला.

रागावलीस तरी विसरू नकोस.
तुझा भिरभिऱ्या

१४ मार्च

चि. भिरभिऱ्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून उभ्या उभ्या बाबांची कुंचल्यांची पेटी उपसली. तळाशी डबा, पाऊण रिकामा. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, दुसरं काही औषध चालू आहे का. बाबांनी ठणकावून नाही सांगितलं होतं. आता म्हणतात, धाकट्याने पाठवलं ते औषध कसं, ती भेट. डॉक्टरांनी डबा वाचून कपाळावर हात मारला. या गोळ्याच जखम भरू देत नव्हत्या. गोळ्या बंद, शिडी बंद, ऑपरेशन दोन महिने पुढे. मग परत दुर्बीण. दुसरा डबा समुद्रात टाक. पोपटाचे आभार मान.

जीव टांगणीला आहे, पत्र टाकत राहा.
ताई

२० मे

चि. भिरभिऱ्यास,
अ. उ. आ.

जखम भरली. ऑपरेशन नाही. काल ताटातलं सगळं संपवून मी ताईच्या ताटाकडे बघितलं. तिने तुझ्या डब्यावर माझ्याकडूनच लाल रंगात लिहून घेतलंय, ‘हे औषध आहे.’ अक्षर झकास आलंय.

गुडघे मात्र कुरकुरतात, शिडी जमत नाही. कोपऱ्यावरच्या बेकरीच्या पाटीवर ‘ताजे’ एवढंच लिहून झालंय. काय ताजे, ते लोक दोन महिने विचारताहेत. ये आणि ‘पाव’ लिहून जा. दोनच अक्षरं आहेत, तेवढा वेळ तू एका जागी टिकशील.

शिडी मी धरतो.
बाबा