अंधारात वाजले किती

प्रिय टिल्लू,

सहा फूट उंचीच्या, पुढून केस विरळ होत चाललेल्या माणसाला त्याची आई टिल्लू म्हणते हे तुझ्या ऑफिसात कळलं तर तुझी पंचाईत होईल, म्हणून हे घरी नेऊनच वाच. पत्र कशाला, फोन का नाही, असं विचारशील. फोनवर तू ‘हां आई, हां आई’ करत दुसऱ्या हाताने काहीतरी टाइप करत असतोस. मला इकडे टकटक ऐकू येते. कागद वाचताना माणसाचे दोन्ही हात अडकतात. शिवाय मला जे सांगायचंय ते जरा लांबलचक आहे आणि मधे कोणी ‘हां’ म्हटलं की माझी गाडी रुळावरून घसरते.

तर आधी तक्रार. तू वाढदिवसाला पाठवलेलं घड्याळ दिसायला देखणं आहे, यात वाद नाही. माझी पावलं मोजतं, मी फार वेळ बसले की उठ म्हणतं, एवढी काळजी तर तूही करत नाहीस. पण बाळा, अंधारात ते डोळे मिटून घेतं रे! आणि तुझी आई गेली सव्वीस वर्षं अंधारातच बोलून पोट भरते. तारांगणाच्या घुमटाखाली दिवे मालवले की तुझं घड्याळ समजतं, आता बाई झोपल्या. मग त्याचा पडदा इतका मंद होतो की ओल्या काडेपेटीतली काडी बरी. तुला विचारलं तर तू म्हणालास, ‘आई, डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून तसं केलेलं असतं.’ अरे, डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून डोळ्यांना दिसूच द्यायचं नाही, हा कुठला न्याय? तू सांगितलंस तसा उजेड तीनवर, म्हणजे अगदी टोकाला नेला, आकडे मोठे केले. उजेडात ते एखाद्या दुकानाच्या पाटीसारखं झळकतं. अंधार झाला की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. एकदा यंत्राच्या खोलीतल्या लाल दिव्याजवळ हात नेला, तर लगेच लख्ख! म्हणजे दिवा दिसावा म्हणून आधी दुसरा दिवा लावायचा. हे घड्याळ बनवणाऱ्या कंपनीत, स्क्रीनचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या विभागात माझा मुलगा बसतो, हे मी अख्ख्या इमारतीला सांगून ठेवलंय. आता बोलू कुणाशी?

तुला वाटेल, आई राईचा पर्वत करते आहे. तर नीट ऐक. माझा खेळ चाळीस मिनिटांचा. एक, पावणेदोन आणि अडीच. एक शाळा आत असते तेव्हा दुसरी बाहेर ओळीत उभी असते आणि पाणी सांडत असते. पूर्वी मेजावर हिरव्या आकड्यांचं घड्याळ होतं. नवं यंत्र आलं तेव्हा ते काढलं, कारण त्याचा ठिपका घुमटावर उमटायचा आणि मुलं विचारायची, हा कुठला ग्रह? मग मी तुझ्या बाबांचं रेडियमच्या काट्यांचं घड्याळ वापरत होते. ते गेल्या वर्षी थांबलं आणि घड्याळजींनीही हात टेकले. त्यानंतर तुझं आलं. माझ्या उजव्या हातात माइक आणि डाव्या हातात उजेडाचा बाण दाखवायची बॅटरी. घड्याळ डाव्या मनगटावर. ते जागं व्हावं म्हणून मनगट झटकलं की बाण शनीवरून उडून थेट दरवाजावर! मुलं हसून लोटपोट. एका पोराने तर विचारलं, ‘चांदणीबाई, तो पण ग्रह आहे का? त्यावर बाहेर असं लिहिलंय.’

हसण्यावारी नेलं ते पहिले काही दिवस. पण वेळ चुकायला लागली. कधी चार मिनिटं जास्त, कधी सात. एकदा धूमकेतूंच्या नादात अकरा मिनिटं वर गेली आणि बाहेरच्या शाळेची बस परत जायची वेळ झाली. साठ मुलं आकाश न बघता गेली रे. एक छोटी तर बसच्या खिडकीला नाक लावून घुमटाकडे बघत होती. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आमचे संचालक तुझ्याच वयाचे, वागायला फार चांगले. चांगल्या माणसांचं बोलणं जास्त लागतं. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, ‘बाई, तुमचाच आवाज आपण एकदा नीट रेकॉर्ड करून घेऊ. म्हणजे तुम्हालाही दगदग नको.’ माझाच आवाज, पण माझ्याशिवाय! मग कुणी मधेच विचारलं की चंद्राला भूक लागते का, तर तो आवाज काय सांगणार? मी दोन महिन्यांची मुदत मागितली. त्यांनी दिली.

मनात भलतीच शंका आली होती, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही जाऊन आले. तुला सांगितलं नाही, रागावू नकोस. त्यांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, वयाच्या मानाने डोळे उत्तम. मग मी त्यांनाच दिवा बंद करायला लावला आणि मनगट पुढे केलं, ‘सांगा किती वाजले.’ त्यांनी चष्मा काढला, लावला, पुन्हा काढला. शेवटी म्हणाले, ‘साधारण संध्याकाळ असावी.’

त्याच आठवड्यात अंध मुलांच्या शाळेचं पत्र आलं. चौदा मुलं आणि गणिताचे सर. कार्यालयात कुजबुज झाली, यांना इथे आणून दाखवणार काय? मला राग आला. पण खरं सांगू, दाखवणार काय हे मलाही कळत नव्हतं. मग चार संध्याकाळी बसून मी जाड कापडावर मणी शिवले. मोठा तारा, मोठा मणी. सप्तर्षी, मृग, वृश्चिक, प्रत्येकाचा वेगळा रुमाल. बोटांना किती सुया टोचल्या ते विचारू नकोस. मुलं आली, रांगेत बसली, मांडीवर रुमाल. मी सरांजवळ जाऊन हळूच विचारलं, दिवे चालू ठेवू का? सर म्हणाले, ‘आमच्यासाठी मालवायची गरज नाही. पण मालवा. बाकीच्या शाळांसाठी मालवता ना?’ मला माझीच लाज वाटली. मी दिवे मालवले.

टिल्लू, तसा खेळ मी सव्वीस वर्षांत केला नव्हता. माझ्या मागे आकाश फिरत होतं आणि त्याकडे बघणारं कोणी नव्हतं, म्हणून सगळा भार माझ्या शब्दांवर आला. एरवी मी ‘हा बघा लाल तारा’ म्हणून मोकळी होते. इथे मला सांगावं लागलं की विझता विझता निखारा जसा हाताला ऊब देतो तसा तो आहे. एका मुलीने वृश्चिकाच्या नांगीवरून बोट फिरवलं आणि ओरडली, ‘बाई, हा वळतोय!’ मी इतकी रंगले की वेळेचं भान सुटलं. मग धसका बसला, मनगट झटकलं, बाण कुठल्या कुठे गेला आणि मी माइक बंद आहे असं समजून पुटपुटले, ‘मेल्या, आता तरी दिस.’ माइक चालू होता. पहिल्या रांगेतून सरांचा शांत आवाज आला, ‘अडतीस मिनिटं झालीत, बाई. दोन शिल्लक आहेत.’

खेळ संपल्यावर मी सरांना गाठलं. त्यांनी मनगट पुढे केलं. त्यांच्या घड्याळाची काच झाकणासारखी उघडते, आत मजबूत काटे, आणि आकड्यांच्या जागी उंचवटे. अंगठा फिरवला की झालं. त्यांना दिवस काय, रात्र काय. मी हात जोडले आणि म्हटलं, माझ्या मुलाला तुमच्याकडे शिकवणीला पाठवते.

त्यानंतर सर दर गुरुवारी येऊ लागले. त्यांची त्या दिवशी अर्धी सुट्टी असते. पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची त्यांची. ठरलं असं की पस्तिसाव्या मिनिटाला एक खोकला, चाळिसाव्याला दोन. दोन गुरुवार खेळ असा वेळेवर संपला की संचालकांनी मला बोलावून शाबासकी दिली. तिसऱ्या गुरुवारी सरांना खरंच सर्दी झाली होती. मी सूर्यास्त करून जरा तारे दाखवते तोच खोकल्याची उबळ आली, दोन नाही, चांगले नऊ. मी घाईघाईने शनी, गुरू, आकाशगंगा सगळं गुंडाळून बारा मिनिटांत सूर्य वर आणला! मुलं डोळे चोळत बसलेली आणि सर रुमालाआडून म्हणताहेत, ‘बाई, ही सर्दी होती, वेळ नव्हती.’ आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसून किती हसलो, काय सांगू. पोटात दुखेपर्यंत हसायला किती वर्षं झाली होती, ते तेव्हा कळलं.

पुढच्या वेळी त्यांनी आपल्याजवळचं दुसरं घड्याळ आणलं आणि अंगठ्याने वेळ वाचायला मला शिकवलं. शिकणं सोपं नाही हं. दहा वाजून दहा मिनिटं आणि दोनला दहा कमी यांत मी आठवडाभर घोळ घातला. सरांनी एकदाही आवाज चढवला नाही. फक्त म्हणायचे, ‘पुन्हा. घाई डोळ्यांना असते, बोटांना नसते.’ मुदतीच्या शेवटच्या दिवशी संचालक स्वतः हातात वेळ मोजायचं यंत्र घेऊन आत बसले. मी माइक खांद्यात अडकवला आणि अंगठा काट्यांवर ठेवला. सूर्य उगवून दिवे लागले तेव्हा त्यांच्या यंत्रावर चाळीस मिनिटं आणि सहा सेकंद झाली होती. ते म्हणाले, ‘सहा सेकंद माफ.’ रेकॉर्डिंगचा विषय तिथेच संपला. तुझं घड्याळ आता मी फिरायला जाताना घालते, भर उजेडात. तिथे आमचं छान जमतं. तेवढं अंधाराचं मात्र बघ. अंधारात काम करणारे लोक पुष्कळ असतात; तुमच्या खोलीत दिवे लख्ख असतात म्हणून तुम्हाला ते दिसत नाहीत.

आता सरांबद्दल थोडं. वय साठ. अकराव्या वर्षापर्यंत त्यांना दिसत होतं. स्वतः स्वयंपाक करतात, कांदा माझ्यापेक्षा बारीक चिरतात. लग्न केलं नाही. म्हणतात, योग्य वेळी कोणी विचारलं नाही आणि अयोग्य वेळी मी विचारलं. एकदा संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, ‘खऱ्या आकाशाखाली तुम्ही शेवटच्या कधी बसलात?’ तुझे बाबा गेल्यापासून, म्हणजे नऊ वर्षं, मी गच्चीवर गेले नव्हते. त्या संध्याकाळी गेलो. एकेक तारा उगवला तसा मी सांगत गेले, ते ऐकत गेले. मी तुझ्या बाबांबद्दलही बोलले, खूप बोलले, आणि रडलेसुद्धा. त्यांनी थांबवलं नाही. खाली उतरताना जिन्यात अंधार होता, तेव्हा हात त्यांनी मला दिला.

हे तुला सांगायला मी चार वेळा फोन केला. चारही वेळा ‘हॅलो’ म्हटल्यावर धीर सुटला आणि दुसरंच काहीतरी बोलून ठेवून दिला. तर आता लिहिते. मागच्या गुरुवारी सर म्हणाले, ‘बाई, दोन घरं, दोन कुलपं, दोन एकटी जेवणं. या अपूर्णांकाला संक्षिप्त रूप देता येतं.’ मी म्हटलं, माझ्या घरात तुझ्या बाबांची खुर्ची अजून खिडकीशी आहे. ते म्हणाले, ‘ती तिथेच राहू दे. मी माझी घेऊन येतो.’ मी हो म्हटलंय, टिल्लू. परवानगी मागत नाही, तेवढी मी मोठी झाले आहे. पण तुला आनंद झाला तर माझा आनंद पुरा होईल. येत्या महिन्याच्या सोळा तारखेला, सकाळी साडेदहाला नोंदणी आहे. अर्जावर तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात. सरांकडून त्यांच्या मुख्याध्यापिका आणि शाळेतले एक शिक्षक करणार आहेत. माझ्या बाजूची ओळ मी कोरी ठेवली आहे. कारकून विचारत होता, कुणाचं नाव घालू? मी म्हटलं, थांबा, तो येऊन स्वतः लिहील.

तुझीच,
साठीच्या उंबरठ्यावर नवी साडी शोधत फिरणारी,
आई