आबासाहेबांसाठी जागा

३ डिसेंबर १९३६, गुरुवार.
थंडी. ऑफिसातून पाचला परतलो. आबासाहेब अंगणातल्या विहिरीच्या कठड्यावर पाय आत सोडून बसलेले. विचारले, तर म्हणाले, घोडे पाण्यावर आणलेत. पागेतून पेन्शन घेऊन अकरा वर्षे झाली. हाताला धरून उठवले.

डॉक्टर म्हणाले, वडिलांना म्हातारपणचा विसर आहे, वाढत जाईल. विहीर-जिना नसलेल्या जागेत ठेवा, जवळ सवयीचे माणूस असू द्या. आई जाऊन दोन महिने झाले. ती असताना यातले काही कळले नव्हते. तिने कळू दिले नाही.

ठरवले: पंधरा दिवसांत त्यांच्यासाठी योग्य जागा. मी इथेच माधवगंजात राहीन. आईच्या तुळशीला पाणी कोण घालणार? शिवाय ऑफिसला हीच जागा सोयीची.

६ डिसेंबर, रविवार.
शालिनीताई आली. म्हणाली, माझ्याकडे नेलं असतं रे, पण आमच्याकडे चढायला बावीस पायऱ्या. तूच त्यांना घेऊन दुसरीकडे राहा. मी लिस्ट दाखवली: तळमजला, एकच दार, ऊन, विहीर नको. म्हणाली, लिस्ट काय त्यांना जेवायला वाढणार आहे? आणि तू किती वाळलास, जेवतोस का काही? दुःखाने तिचा स्वभाव तिखट झाला आहे. मला तसे काही झाले नाही.

९ डिसेंबर, बुधवार.
पहिली जागा, शहराच्या लश्कर भागातच. आबासाहेबांना बरोबर नेले, त्यांना मान दिल्यासारखे वाटावे म्हणून. मालक म्हणाला, साहब, ऐसा मकान पूरे लश्कर में नहीं मिलेगा. आबासाहेबांनी काठीने भिंत ठोकली, कोपऱ्यात वाकून वास घेतला आणि म्हणाले, इथं खूर सडतील. मालकाने विचारले, किसके खुर? मी म्हटले, पुरानी आदत है. बाहेर पडताना शेजाऱ्याने सांगितले, पावसाळ्यात आत घोट्याएवढे पाणी असते. योगायोग.

१३ डिसेंबर, रविवार.
गोरखी वाड्यापाशी दोन खोल्या. लिस्टप्रमाणे सर्व. आबासाहेबांनी फरशी पास केली. मग विचारले, मोतद्दार कुठं झोपणार? नव्या तबेल्यात घोडा तोबऱ्याला तोंड लावत नाही. रोज दाणा घालणारा मोतद्दार दारात आडवा पडला, तरच खातो. म्हटले, सोय होईल.

सोय केली. पागेत त्यांच्या हाताखाली असलेला कान्होजी तिथे राहील. ताईला कळवले. म्हणाली, महिपत, तुझं ऑफिस तर गोरखीहून हाकेवर! तिला ऑफिसच्या कामाची कल्पना नाही.

१५ डिसेंबर, मंगळवार.
आबासाहेबांना टांग्याने पोचवले. वाटेत म्हणाले, तुझी आई मागच्या टांग्यात आहे ना? हो म्हटले. तेच सोपे होते.

घर शांत. आता वाचन होईल. जेवताना पाट तीन मांडले गेले. दगदगीमुळे. भूक नव्हती.

१६ डिसेंबर, बुधवार.
कान्होजी ऑफिसात आला. आबासाहेब जेवत नाहीत. म्हटले, नवी जागा आहे, बसेल सवय.

१७ डिसेंबर, गुरुवार.
पेढे घेऊन गेलो. एकही घेतला नाही. कान्होजी म्हणाला, सरकार, मी पागेतला खरा, पण रोजचा नव्हं. त्याला धीर धरायला सांगितले. वाचन झाले नाही.

१८ डिसेंबर, शुक्रवार.
अर्ध्या दिवसाची रजा. फक्त बघून यायचे ठरवले होते. वळकटी उगीच बरोबर घेतली. तुळशीची कुंडीही, तिथे ऊन चांगले आहे.

कान्होजीला घरी पाठवले. आई करायची तसा मऊ भात केला, वर तूप. वळकटी दारात आडवी टाकली आणि तिच्यावर बसलो. आबासाहेबांनी माझ्याकडे पाहिले, वळकटीकडे पाहिले, आणि ताट ओढून घेतले. सगळा भात संपवला.

मग म्हणाले, मोतद्दार, तू आलास ते बरं झालं. एक काम कर. आमचा महिपत आहे माधवगंजात. त्याची आई गेल्यापासून पोरगं धड खात नाही. त्याच्या दारात कुणी झोपतं का, तेवढं बघून ये.

जी, म्हटले.

ते उन्हात डोळे मिटून पडले. भांड्यात थोडा भात उरला होता. त्यांच्याच ताटात वाढून घेतला, जेवलो आणि ताट घासून पालथे घातले.