बद्द वाजणारा सायलेन्सर

३ नोव्हेंबर, देवास

शरूची गाडी न धावताच परत आली. धामनोदच्या पुढच्या मैदानावर रेस होती. तपासणीवाल्यांनी मागे मीटर धरलं आणि आवाज जास्त म्हणून गाडी बाजूला काढली. हंगामातली एकच रेस उरली आहे, महिनाअखेरची.

जेवताना सुनंदाने दोघांना बजावलं. "आवाज उतरला तर गाडी राहील, नाहीतर विका. मला माझ्या मुलीचे कान हवेत." उन्हाळ्यापासून शरूच्या कानात शिट्टी वाजते म्हणे. हे तिने आईला सांगितलं, मला नाही. कानात बोळे घाल म्हटलं तर म्हणते, "इंजिन ऐकू नाही आलं तर गियर कधी टाकायचा कसं कळणार, बाबा?"

बापाचं सायलेन्सरचं दुकान आणि लेकीची गाडी आवाजावरून बाद. दिव्याखाली अंधार.

५ नोव्हें.

पहिला प्रयत्न फुकट. डब्यात आडवे पडदे टाकले, धूर वळसे घेत बाहेर पडेल असे. आवाज निम्मा झाला. हे इंजिन रईस भियाने बांधलेलं, म्हणून त्यालाच गाडी घेऊन हाटपिपल्याच्या रस्त्यावर पाठवलं. आला, उतरला, बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला.

"भिया, आवाज तो गई, पन गाड़ी का दम बी साथ ले गई."

बरोबर आहे. धुराची वाट अडवली की इंजिन गुदमरणारच. एवढं मलाही कळतं. घाईत केलं. काढून भंगारात टाकला.

८ नोव्हें.

आता सरळ नळी, आरपार, भोकाभोकांची. धूर कुठेच अडायला नको. भोवती काचेची लोकर, म्हणजे आवाज भोकांतून लोकरीत शिरेल आणि तिथेच जिरेल. बाहेरचं कवच मात्र बाजारचं नाही घेणार. यंत्रावर वळवलेला लेचापेचा पत्रा असतो तो. आम्ही तांबट. दरबाराबरोबर दख्खनेतून धारला आलो ते हंडे-घागरी घडवायला. आता तांब्याला कोणी विचारत नाही, पण हातोडी अजून माझ्या हातात आहे. स्टीलचा पत्रा हंड्यासारखा ठोकून कसणार, ताठ करणार.

शरूचा पिथमपूरहून फोन, ती नोकरीला आहे त्या कंपनीची सुट्टी झाल्यावर. "दिसायला सुंदर नको आहे हो बाबा, लवकर करा." काम कसं करायचं ते माझ्यावर सोडावं.

१२ नोव्हें.

कवच झालं. टिचकी मारली, बोटांना सुरेख थरथर लागली, किती वेळ थांबेना. आमच्यात भांडं असंच पारखतात. नाद लांबला तर काम पक्कं. बद्द वाजलं तर कारागिराची अब्रू गेली. माझे वडील, अण्णा, बद्द भांडं गिऱ्हाइकाच्या दृष्टीलाही पडू देत नसत.

गाडीला चढवून रईस भियाला पाठवलं. दम पूर्ण. घुमारा गेला. माझ्या कानाला तर गाडी सभ्य माणसासारखी बोलते आहे. फार दिवसांनी स्वतःवर खूश.

१३ नोव्हें.

शरू आली, फेरी मारून उतरली.

"दम सगळा आहे बाबा. पण किर्रर्र करून राहिलंय. एकदम बारीक, पत्र्यासारखं. दाढा शिवशिवतात."

मी म्हटलं, काही नाही तसलं. रईसला विचारलं. तो चाकाकडे बघत म्हणाला, "हाँ भिया, है तो सई." मी भडकलो. दोघांना कान साफ करून यायला सांगितलं. दारातून सुनंदा म्हणाली, "अहो, मला आत ओट्यापाशी ऐकू येतंय."

तिघं एका बाजूला. जेवलो नाही. माझ्या कामात खोट काढतात याचा राग होता. दुसरंही काहीतरी होतं, ते इथे लिहवत नाही.

१६ नोव्हें.

शरूने कंपनीतून आवाजाचं मीटर आणलं. आकडा अजून बाद होण्याइतकाच. पडद्यावर एक पट्टी उंच गेलेली, ती बारीक सुरांची, असं तिने सांगितलं. मग इंजिन चालू ठेवून तिने कवचावर ओली गोणी टाकली. वाफ झाली आणि पट्टी खाली बसली. गोणी उचलली, पट्टी वर. परत टाकली, परत खाली.

"आता फरक कळला ना, बाबा?"

मला गोणी असताना आणि नसताना अगदी सारखंच ऐकू आलं.

हो म्हणालो. खोटं बोललो. तिला कळलं असणार.

म्हणजे कवचच वाजत होतं. आवाज मारायच्या डब्याला मी पाण्याच्या हंड्यासारखा नाद दिला, आणि तो नाद घरात एकट्या मला ऐकू येत नव्हता. बोटांना लागला तो मी कानाचा समजलो. घरच्यांचं ऐकलं नाही. सोनारानेच कान टोचावे लागतात, इथे ते मीटरने टोचले.

१९ नोव्हें.

सुनंदाने कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. खालचे सूर ठीक आहेत, वरचे गेले. ठोकाठोकीने, वर्षानुवर्षांच्या. परत येत नाहीत.

"घरात आणखी कोणाला आहे?"

काय सांगू? अण्णांना आहे, आजोबांना होतं. आमच्यात तांबट म्हातारा झाला की बहिरा होतोच. केस पिकतात तसं. कोणी त्याला दुखणं म्हणत नाही.

मुलीच्या कानात शिट्टी वाजते, हे सुनंदाने सांगून टाकलं. तिलाही आणा म्हणाले. शरूला फोन केला. "रेस झाल्यावर जाऊ, बाबा." भीती वाटते आहे तिला. मलाही.

२२ नोव्हें., धार

अण्णांकडे कवच घेऊन आलो. ते दादा-वहिनींपाशी असतात. आता जवळजवळ काहीच ऐकू येत नाही त्यांना. पंजा पसरून कवचावर ठेवला आणि मला टिचकी मारायला लावली. "छान कसलंस." कानाला तोंड लावून ओरडलो, "हे बद्द करायचंय!" पुन्हा पुन्हा ओरडलो. वहिनींना हसू आवरेना. अण्णा हसले नाहीत. असलं काही त्यांच्याकडे आजवर कोणी मागितलं नव्हतं.

कवच उलटंपालटं करून म्हणाले, "नक्षी काढताना घागरीत राळ भरतो आपण. तेव्हा कुठे वाजते ती?"

राळ उष्णतेने वाहून जाईल. पण म्हणणं कळलं. पत्र्याला मऊ काहीतरी चिकटून असलं पाहिजे.

निघताना अण्णांनी विचारलं, "पोरीला नीट ऐकू येतं ना रे?" मी मान डोलावली. काय करणार होतो?

२६ नोव्हें., देवास

कवचावर दुसरं कवच चढवलं, मध्ये लोकरीचा थर. आतली लोकरही मी गादीसारखी दाबून भरली होती, ती मोकळी केली. नळीला हात लावला नाही, धुराची वाट तशीच.

पारखायला मी उभा राहिलो नाही. सुनंदाला दुकानात स्टुलावर बसवलं. डोळे मिटून म्हणाली, "आहे अजून. मागून येतंय." मागचं झाकण एकेरी राहिलं होतं, तेही दुहेरी केलं. "आता गेलं." मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. माझ्या कामाचा निकाल मला तिथे वाचावा लागला. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

रईस भिया फिरवून आला. "दम पूरा है भिया, एक दाना कम नी." मीटरचा आकडाही उतरला.

टिचकी मारली. बोटांना काही लागलं नाही. बद्द. जन्मात पहिल्यांदा मुद्दाम बद्द भांडं घडवलं.

३० नोव्हें., धामनोद

तपासणीत पास! शरू दुसरी आली. हेल्मेट काढत पळत आली, "बाबा, इंजिन आता कसलं साफ ऐकू येतंय! नुसता कल्ला होता आधी." तपासणीवाला वाकून सायलेन्सर बघत होता, कोणत्या कंपनीचा म्हणून. रईस छाती पुढे काढून म्हणाला, "हमारे भिया का है." सुनंदाने त्या अनोळखी माणसालाही पेढा दिला.

परतताना गाडीत विचारलं, "शिट्टी?"

"आहे."

"कमी आहे का?"

खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुम्ही मस्त केलंत बाबा, खरंच." मला ते उत्तर नको होतं. सायलेन्सर तर झाला. त्याच्या आधीच्या महिन्यांचं काय?

३ डिसेंबर, देवास

डॉक्टरांकडे बाकावर बसून लिहितो आहे. शरू आत आहे, काचेच्या खोलीत, कानांवर हेडफोन. सूर ऐकू आला की बटण दाबायचं, मग बाहेर टेबलावर दिवा लागतो. सुरुवातीला भराभर लागला. सुनंदाने माझ्याकडे बघून मान हलवली.

आता सूर चढत चाललेत, असं मशीनवरची बाई म्हणाली.

दिवा लागला. पुन्हा लागला. आता मघापासून लागलेला नाही. शरू डोळे मिटून बसली आहे, अंगठा बटणावर, हलत नाही. आत सूर वाजतो आहे की बाईंनी थांबवलाय, इथून कळत नाही. बाईंना विचारायचं धाडस होत नाही.

दाब बेटा, असं मी मनात म्हणालो. मोठ्यानेच म्हणालो असणार, कारण बाकावरची सगळी माणसं माझ्याकडे बघताहेत.