पायाची आग

प्रिय प्रेमदास,

सप्रेम जय भीम. रविवारी तुझा फोन मी मध्येच ठेवून दिला. तुला वाटलं असेल रेंज गेली. आष्टीत रेंज जाते, पण त्या दिवशी गेली नव्हती. शुगरच्या गोळ्या बंद केल्याचं तू सांगितलंस आणि वर एक आनंदाची बातमी दिलीस. ती ऐकली आणि मी फोन ठेवला. फोनवर तू मला हसण्यावारी नेतोस. कागदाला तसं नेता येत नाही, म्हणून लिहिते आहे. सोबत नत्थूच्या हाती एक पिशवी देते. तो वर्ध्याहून पुढे जामला येणार आहे, तुझ्या दुकानी पोचवेल. पत्र वाचून होईपर्यंत तिची गाठ सोडू नको.

मी या घरात आले तेव्हा तू शाळेत होतास. तुझ्या दादांच्या, म्हणजे आमच्या ह्यांच्या, चपला पायात अडकवून फटफट करत अंगणभर फिरायचास. चप्पल पुढे, तू मागे. मग मोठा झालास आणि दोघांचं माप एक झालं. लग्नकार्यात तुम्ही एकमेकांच्या चपला घालून घरी यायचात आणि मी दारात उभी राहून ओळखायची, कोणाची कोणती. तुला वहिनीनं वाढवलं असं तू चारचौघांत सांगतोस. म्हणून आज जे लिहिते आहे ते लिहायचा मला हक्क आहे.

दादांना शुगर निघाली तेव्हा मी सातवी शिकलेली बाई, पण मिळेल ते वाचत होते. विहारातली पुस्तकं, दवाखान्यातली पत्रकं, दुकानातून आलेल्या पुड्यांचे कागदसुद्धा. वाचलेलं तुम्हा सगळ्यांना सांगितलं, की रक्तात साखर वाढलेली राहिली तर ती बारीक रक्तवाहिन्या आतून खराब करते. डोळ्यांतल्या, किडनीतल्या, पायातल्या. मोठ्या वाहिन्याही बुजत जातात. तू म्हणालास, "वयनी डॉक्टरीण झाली, आता फी घेजो." सगळे हसले. तुझे दादाही हसले. बुद्धपौर्णिमेला मी त्यांना अर्धी वाटी खीर वाढली, ती तू काठोकाठ भरलीस. "बुद्धाच्या खिरीनं कोणाची शुगर वाढत नाई, वयनी. एका वाटीनं मरते काय माणूस?" एका वाटीनं नाही मेले. पण प्रत्येक साक्षगंधाला, प्रत्येक बारशाला एकेक प्रेमदास हजर होता आणि प्रत्येकाची एकच वाटी होती.

तपासणीच्या आधी दोन दिवस ते फक्त भाजी-भाकरी खायचे. रिपोर्ट बरा आला की शाळेच्या मार्कांसारखा सगळ्यांना दाखवत हिंडायचे. मग वर्ध्याच्या डॉक्टरांनी तीन महिन्यांची शुगर काढली. ती परीक्षा आदल्या रात्रीच्या अभ्यासानं पास होत नाही. त्यांचे तळवे जळत होते तेव्हा. ओलं पोतं अंथरून त्यावर पाय ठेवून निजायचे. वर्षभर असं चाललं आणि एका सकाळी उठून म्हणाले, "सुंदरा, पायाची आग थांबली. आता मले काई होत नाई." त्या दिवशी घरात सणासारखं वाटलं. तू जामहून येऊन त्यांची पाठ थोपटलीस.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितले. मासे पकडायच्या दोऱ्यासारखा एक कडक धागा होता. तो तळव्याला टेकवला की "लागलं" म्हणायचं. मी बाजूला उभी होते. अंगठ्याखाली टेकवला, टाचेला टेकवला, बोटांवर टेकवला. हे गप्प. चेहऱ्यावर हसू. थोड्या वेळानं म्हणाले, "करा ना सुरू, साहेब. मी कवाचा डोये मिटून बसलो." डॉक्टर म्हणाले, "झालं, पुंडलिकराव. दोन्ही पाय झाले." ते हसू मी अजून विसरले नाही.

त्याच मोसमात बाजारातून येताना बाभळीचा काटा चपलेतून आरपार तळव्यात शिरला. ते दिवसभर त्यावर चालले. संध्याकाळी फरशीवर रक्ताचे ठसे दिसले आणि ते मलाच विचारतात, "कोणाले लागलं?" जखम भरेना, कारण तिथपर्यंत रक्तच नीट पोचत नव्हतं. करंगळी काळी झाली, मग शेजारची. वास असा, की शेजारच्या अनुसयाबाई खिडकी लावून घ्यायच्या. तू दवाखान्यात आलास, नाकाला रुमाल लावून दारातच उभा राहिलास आणि तंबाखूचा खर्रा खायला बाहेर गेलास. मी तुला दोष देत नाही, वासच तसा होता. पण ड्रेसिंगच्या वेळी पाय धरायला आत मी होते. उजवा पाय गुडघ्याखाली कापला. कुबडीवर जेमतेम दोन वर्षं काढली, मग छातीतली वाहिनी बुजली. मातीच्या दिवशी तू इतका मोठ्यानं रडलास, की लोक मला सोडून तुलाच सावरत होते.

टायर दुरुस्त करण्यात तुझा जन्म गेला. खिळा रुतला तरी टायर ओरडत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे? तू ट्यूब काढतोस, टाकीत बुडवतोस, बुडबुडा शोधतोस. "आवाज येत नाही, म्हणजे पंक्चर नाही," असं एखादा ड्रायव्हर म्हणाला तर त्याला दुकानात उभा करून साऱ्या जामला हसवशील. स्वतःच्या पायाला तू तोच ड्रायव्हर झालास.

रविवारी तू म्हणालास, "वयनी, चूर्णानं काम केलं. पायाची आग थांबली." हे तुझ्या दादांचं वाक्य आहे, प्रेमदास. शब्दसुद्धा बदलले नाहीत. आग थांबलेली नसेल, आग लागली असं सांगणारी नस मेली असेल. हे सांगण्यासाठीच पत्र लिहिलं. ते हायवेवरचं चूर्ण फेकून दे आणि गोळ्या आजपासून सुरू कर. खर्रा थुंक, तोही त्याच वाहिन्या आवळतो. रोज तळव्याखाली आरसा धर. तुला वाकता येत नसेल तर दामिनीला बघायला सांग, बायकोसमोर लाज कसली. मेलेली नस परत येत नाही म्हणतात, पण पाय अजून दोन्ही आहेत. सोमवारी सकाळी मी वर्ध्याच्या स्टँडवर थांबते, दामिनीला घेऊन ये, दवाखान्यात मी सोबत येईन. आता पिशवी सोड. पाय कापल्यावर डॉक्टरांनी दादांना उरलेल्या डाव्या पायासाठी मऊ तळव्याच्या चपला लिहून दिल्या होत्या. एकेक विकत मिळत नाहीत, जोडच घ्यावा लागतो. डाव्या त्यांनी झिजवून संपवल्या. या तीन उरल्या, तिन्ही उजव्या, कोऱ्या. माप तुझंच आहे. सोमवारी आलास तर त्या परत घेऊन ये. नाही आलास तर ठेवून घे. डावा पाय कापला तर तुला कामी येतील. उजवा कापला तर मात्र माझ्याकडे द्यायला काही नाही.

तुझीच,
सुंदरा वहिनी