दोघांची एकच गोळी

ठमाबाई,

तू झोपलीयस, म्हणून लिहून जातोय. तू मुलगी आहेस हे सरकारी मंडळानं तपासल्याशिवाय आता तुझी गोळी मिळणार नाही, आणि परक्यांसमोर कपडे उतरवायला तू जाणार नाहीस. जाऊही नकोस. पण गोळी थांबून दाढी-मिशी फुटू लागली की तुझं काय होतं तेही पाहिलंय. इकडे आड, तिकडे विहीर.

प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी तीच गोळी मला दवाखान्याच्या त्याच खिडकीवर मिळते. पुरुष की बाई, कुणी विचारत नाही. माझ्यातली दिली तर म्हणतेस, "आजोबा, तुम्ही मराल आणि खापर माझ्यावर!" म्हणून आज तिथेच विचारणार, "मला देता, मग माझ्या नातीला का नाही?" चारचौघांत माझं त-त-प-प होतं. उत्तर मिळेलसं वाटत नाही. पण ते मिळेपर्यंत खिडकी सोडणार नाही.

दुपारपर्यंत आलो नाही, तर बाबाला पाठव. तुझ्याशी बोलत नसला, तरी मला बसायला स्टूल आणून देईल.

आजोबा