गुरुवार मोकळा करताना

९ जानेवारी, गुरुवार

आजही कंपनीतच. चाकणच्या प्लांटला गुरुवारी सुट्टी, लाइन बंद. म्हणून लेबल छापायच्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन चढवायचं ते याच दिवशी. जुन्या फाइली बाजूला काढा, नव्या टाका, सर्व्हर चालू करा, एक लेबल छापून बघा. सगळं हातानं. वर्षानुवर्षं सगळ्यांची सुट्टी ती माझी ड्यूटी.

चऱ्होलीहून विजयश्रीचा फोन. भावाची बायको, पण आईचं सगळं तीच बघते. "ताई, एकदा येऊन जा. आई फार विसरायला लागल्यात. काल गॅस तसाच सोडला." म्हटलं, येते. इतर दिवशी मी चाकणहून सुटेपर्यंत आई झोपलेली असते. उरतो गुरुवार.

१४ जानेवारी, मंगळवार

ड्यूटीनंतर रहाटणीत क्लास. हे चढवण्याचं काम आपोआप कसं करायचं ते शिकतेय. आजही पडद्यावर लाल खूण, म्हणजे कुठंतरी चुकलं. शिकवणारा कुलदीप माझ्या लेकीच्या वयाचा. "मॅडम, लाल आलं म्हणून तोंड पाडू नका. चूक प्लांटवर जाण्याआधी पकडली ना त्यानं?" पाठ दुखतेय. तिळगूळ पर्समध्येच राहिला.

१९ जानेवारी, रविवार

घोळ केला.

कुलदीपची सरावाची फाइल उचलली, सर्व्हरची नावं बदलली, काम आपोआप सुरू व्हायचा वार तसाच ठेवला. त्याच्या फाइलीत रविवार. सुट्टी म्हणजे रविवार, असंच त्याचं जग. आणि मी? इतकी वर्षं गुरुवारची सुट्टी घेते – घेते कसली!

भर शिफ्टमध्ये चालू लाइनवर नवं व्हर्जन चढलं. लेबलं बंद. डिस्पॅचमधून नानासाहेबांचा फोन, "मॅडम, गेटवर गाड्या उभ्यात. कोणी हात लावला?"

"कोणी नाही. आपोआप झालं."

"मग त्या आपोआपला पाठवा की खाली, लेबलं चिकटवायला."

जुनं व्हर्जन हातानंच परत चढवलं.

२० जानेवारी, सोमवार

साहेब ओरडले नाहीत. "अजून एकदा असं झालं, तर आपली जुनी पद्धतच बरी. तुम्ही बसताच की गुरुवारी."

बसतेच की.

२३ जानेवारी, गुरुवार

वार बदलला. आधी एक लेबल छापून तपासायचं, चुकलं तर जुनं व्हर्जन आपोआप परत, अशी पायरी घातली. मुद्दाम मोडून पाहिलं. परत आलं! नुसती समोर बसून होते, कशालाही हात न लावता. डोळे का भरले कळलं नाही. दमले असेन.

विजयश्रीला सांगितलं, पुढच्या गुरुवारी नक्की. ती म्हणाली, "या. आज मला तुमच्या नावानं हाक मारत होत्या."

३० जानेवारी, गुरुवार

चऱ्होली. आई ओट्यावर उन्हात बसली होती. चपला काढत होते तेवढ्यात मोबाइल वाजला – सगळं हिरवं. व्हर्जन चढलं, लेबल छापलं, माझ्यावाचून.

आई माझ्याकडे बघत राहिली. मग पदर सावरून म्हणाली, "बसा, च्या घ्या. लेकीकडं आलाव व्हय? ती गुरुवारची न्हाई यायची. कंपनीत असती."